पर्ड्यूचा पुढचा संघ कसा असेल, हे एप्रिलमध्ये कसं ताडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकतो आणि त्याच्यामुळे घरातल्या सगळ्यांनाच कॉलेज बास्केटबॉलची गोडी लागली आहे. पण मार्चमधली स्पर्धा संपली की अमका पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत गेला, तमका कमिट झाला (कॉलेजला होकार दिला), आणखी कोणी ड्राफ्टला, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीला नाव दिलं, अशा बातम्या रोज येऊन आदळतात. पुढच्या हंगामात संघात कोण असेल आणि तो संघ कितपत चांगला असेल, हे जाणकार लोक कसं ठरवतात?

येणाऱ्यांची नावं आधी बघायची नाहीत, ही पहिली गोष्ट. चाहत्यांची सगळी चर्चा नव्या नावांभोवती फिरते, कारण जुन्या खेळाडूच्या उणिवा आपण वर्षभर पाहिलेल्या असतात आणि नव्याची फक्त चांगली क्षणचित्रं पाहिलेली असतात. संघाची ताकद मात्र मुख्यतः राहणाऱ्यांवर ठरते. म्हणून आधी वजाबाकी, मग बेरीज.

जागा किती, इथून सुरुवात करा. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या पातळीवरच्या पुरुषांच्या संघाला १३ स्कॉलरशिप देता येत. बाकीचे वॉक-ऑन, म्हणजे स्वतःच्या खर्चानं शिकून संघात असणारे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून स्कॉलरशिपवरची मर्यादा गेली, संघाच्या आकारावर मर्यादा आली. या तडजोडीत सामील झालेल्या शाळांना (इथे शाळा म्हणजे कॉलेज) बास्केटबॉलमध्ये १५ खेळाडू ठेवता येतात. त्या पंधराच्या पंधरांना स्कॉलरशिप देता येते, पण वॉक-ऑनही त्याच पंधरांत मोजले जातात. त्यामुळे जुन्या लेखांतला तेराचा आकडा धरून जागा मोजाल तर हिशेब चुकेल. तरी पंधरा या आकड्यानं फार हुरळू नका. खरे खेळणारे आठ, फार तर नऊ.

आता मिनिटं. सामना ४० मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. ओव्हरटाइम सोडला तर यात एक मिनिटही वाढत नाही. कागदावर पाच ओळी आखा: पॉइंट गार्ड, दुसरा गार्ड, स्मॉल फॉरवर्ड, पॉवर फॉरवर्ड, सेंटर. प्रत्येक ओळीत ४० मिनिटं भरायची. एवढं केलं की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात, कारण ज्या खेळाडूचं नाव आपल्या संघाशी जोडलं जातंय त्याला द्यायला मिनिटंच उरलेली नसतात.

पर्ड्यूचंच २०२५ चं उदाहरण घेऊ. त्या मार्चमध्ये ह्यूस्टनकडून ६२-६० असा निसटता पराभव झाला. त्यानंतर कॅलेब फर्स्टची कॉलेजात खेळण्याची मुदत संपली, कॅम हाइडी टेक्ससला गेला, माइल्स कोल्विन वेक फॉरेस्टला, विल बर्ग विचिटा स्टेटला. नावं वाचली तर गळती लागल्यासारखं वाटतं. पण ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर आणि ट्रे कॉफमन-रेन हे तिघेही चौथ्या हंगामासाठी थांबले. स्मिथचे सामन्यामागे ८.७ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) होते आणि तो बिग टेन या पर्ड्यूच्या कॉन्फरन्सचा (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता; कॉफमन-रेनची सरासरी २० गुणांची होती. स्मिथला ३६, लॉयरला ३२, कॉफमन-रेनला ३० मिनिटं धरा. झाली ९८. म्हणजे निम्मा संघ भरला, आणि भरला तो चेंडू ज्यांच्या हातात असतो त्यांनी.

उरली १०२ मिनिटं. त्यातली ४० सेंटरची, आणि खरं भोक तिथेच होतं. उंचपुरा सेंटर झॅक ईडी २०२४ मध्ये एनबीएत गेल्यावर २०२४-२५ च्या हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात ७ फूट ४ इंचांच्या डॅनियल जेकबसनच्या नडगीचं हाड मोडलं. मग वर्षभर कॉफमन-रेनला सेंटरवर उभं राहावं लागलं, बास्केटखालचा बचाव आणि रीबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) दोन्ही उघडे पडले. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी पोर्टलमधून काय आणलं? साउथ डकोटा स्टेटचा ऑस्कर क्लफ, सामन्यामागे बारांहून जास्त रीबाउंड घेणारा. गुणांचा पाऊस पाडणारा गार्ड त्यांनी शोधला नाही, कारण त्याला द्यायला चेंडूच उरला नव्हता. क्लफला २४ आणि बरा झालेल्या जेकबसनला १६ मिनिटं दिली की सेंटरची ओळ भरते आणि कॉफमन-रेन त्याच्या मूळ जागी, पॉवर फॉरवर्डला परततो. एका भरतीनं दोन ओळी सुधारल्या.

राहिली ६२ मिनिटं, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून सी. जे. कॉक्स, गिकारी हॅरिस, जॅक बेंटर, इस्राएलहून आलेला ओमर मायर आणि नॉर्थ फ्लोरिडाहून आलेला लियम मर्फी. पाच जणांत ६२ म्हणजे डोक्यामागे बारा. या पाचांपैकी एक-दोघांच्या वाट्याला फारच कमी खेळ येणार हे एप्रिल-मेमध्येच दिसत होतं. पुढच्या वसंतात पोर्टलमध्ये कोण जाईल याचा पहिला अंदाजही अशाच ओळीतून निघतो. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत पर्ड्यू त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होता, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच. ते नव्या नावांमुळे नव्हतं, त्या ९८ मिनिटांमुळे होतं.

जाणाऱ्यांचे तीन दरवाजे असतात आणि प्रत्येकाची तारीख वेगळी.

पहिला दरवाजा मुदत संपण्याचा. नियम पाच वर्षांत चार हंगाम असा आहे. इथे घोटाळा होतो तो रेडशर्टवरून, म्हणजे न खेळता बसून मुदतीतला हंगाम वाचवण्यावरून. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही वर्ष वाचवता येतं, तेच बास्केटबॉललाही लागू आहे असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बास्केटबॉलमध्ये अधिकृत सामन्यात एक मिनिट जरी खेळला तरी वर्ष खर्ची पडतं. अपवाद दुखापतीचा: ती हंगामाच्या पूर्वार्धात झालेली हवी आणि तोवर तीस टक्क्यांहून जास्त सामने खेळलेले नकोत. दुसऱ्या सामन्यात जखमी झालेला जेकबसन याच नियमात बसतो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये डिएगो पाविया या फुटबॉलपटूच्या खटल्यानंतर, ज्युनियर कॉलेजात घालवलेली वर्षं मोजायची की नाही हा प्रश्न उघडला. ज्युनियर कॉलेजातून आलेल्या खेळाडूच्या नावापुढे 'संपली' असं लिहिण्याआधी त्याला सवलत मिळाली आहे का ते तपासा.

दुसरा दरवाजा पोर्टलचा. पोर्टल म्हणजे ऑक्टोबर २०१८ पासून सुरू असलेली एक यादी, एवढंच. खेळाडूनं शाळेच्या नियमपालन कार्यालयाला कळवलं की त्यांना दोन कामकाजाच्या दिवसांत नाव यादीत टाकावं लागतं, आणि मगच दुसऱ्या शाळांचे प्रशिक्षक त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा शाळा बदलता येते, एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. मुदत मात्र आक्रसत चालली आहे: २०२४ मध्ये ४५ दिवस, २०२५ मध्ये २४ मार्च ते २२ एप्रिल असे ३० दिवस, आणि २०२६ पासून अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून १५ दिवस. ही मुदत नाव देण्याची आहे, नवी शाळा निवडण्याची नाही. पोर्टल बंद झालं म्हणजे भरती संपली असं वाटून लोक निराश होतात. प्रत्यक्षात मे-जूनमध्येही चांगले खेळाडू ठरतात. आणि प्रशिक्षक बदलला तर त्या संघाच्या खेळाडूंना स्वतंत्र मुदत मिळते, तेव्हा उशिरा झालेल्या प्रशिक्षक-बदलांवर लक्ष ठेवा.

तिसरा दरवाजा एनबीए ड्राफ्टचा, आणि सगळ्यांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आहेत. 'ड्राफ्टला नाव दिलं' म्हणजे गेला असं नाही. कॉलेजची पात्रता राखून नाव देता येतं, संघांपुढे चाचण्या देता येतात, कंबाइनला, म्हणजे एनबीएच्या सामूहिक चाचणी शिबिराला जाता येतं आणि परत येता येतं. कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिची माघारीची तारीख कंबाइननंतर दहा दिवसांनी येते. २०२५ मध्ये ती २८ मे होती. एनबीएची स्वतःची माघारीची तारीख नंतरची, जूनच्या मध्याची असते, पण कॉलेजात परतायचं असेल तर ती कामाची नाही. पुष्कळ बातम्यांत हीच चूक असते.

ताडायचं कसं? पहिल्या फेरीतल्या ३० जणांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी हमी नसते. मोठ्या शाळा आता थेट पैसे देऊ शकतात, तेव्हा ज्याला पहिली फेरी मिळेल असं वाटत नाही तो परतण्याची शक्यता पूर्वीपेक्षा खूप वाढली आहे. २०२५ मध्ये यॅक्सेल लेंडेबोर्गनं अलाबामा-बर्मिंगहॅम सोडून मिशिगनला होकार दिला आणि त्याच वेळी ड्राफ्टमध्ये नावही ठेवलं. माघार घेतली ती मेच्या अखेरीस. असा खेळाडू कागदावर लिहायचा तो पेन्सिलीनं, आणि तो आला नाही तर ती मिनिटं कोणाला हेही शेजारी लिहून ठेवायचं.

आता बेरीज. पोर्टलमधून येणाऱ्याचे आकडे जसेच्या तसे नव्या संघात धरू नका. लहान कॉन्फरन्समध्ये १८ गुण काढणारा मोठ्या कॉन्फरन्समध्ये १८ काढत नाही, आणि त्यामागे फक्त प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा हे कारण नसतं. युसेज म्हणून एक आकडा असतो: खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या हातून संपतात. पाच जणांची बेरीज शंभर, म्हणजे सरासरी वीस. लहान शाळेचा अठ्ठावीस टक्केवाला तुम्ही आणला आणि तुमच्याकडे आधीच पंचवीसचे दोघे असतील, तर कोणाचा तरी वाटा घटणार हे उघड आहे. केनपॉम आणि बार्ट टॉरविक या आकडेवारीच्या संकेतस्थळांच्या तक्त्यांत हा आकडा खेळाडूनिहाय मिळतो. टॉरविकच्या तक्त्यांत अख्खा संघ मांडूनही पाहता येतो.

काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे अनुभवानं ठरलेलं आहे. रीबाउंड घेण्याची आणि शॉट अडवण्याची सवय शाळा बदलली तरी बऱ्यापैकी सोबत येते. बास्केटजवळचे गुण उंच बचावपटूंपुढे कमी होतात. तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी तर सर्वांत फसवी. ९० पैकी ३४ टाकले की ३७.८ टक्के होतात आणि सगळे त्याला 'शूटर' म्हणतात. त्याच ९० पैकी ३० टाकले असते तर ३३.३ टक्के, आणि कोणी ढुंकून पाहिलं नसतं. वर्षभरातल्या चार चेंडूंचा फरक. म्हणून टक्केवारीपेक्षा किती फटके मारले ते बघा, आणि फ्री थ्रो बघा. फ्री थ्रो ८५ टक्के आणि तिनाचे ३३ असेल तर मला तो खेळाडू आवडतो. फ्री थ्रो ६२ आणि तिनाचे ४० असेल तर मी त्यावर संघ उभा करणार नाही.

येणाऱ्याची उरलेली वर्षंही लिहा. केंटकीचं २०२४ बघा. जॉन कॅलिपारी आर्कान्सॉला गेले, मार्क पोप आले आणि संघ जवळपास शून्यातून उभा करावा लागला. लमाँट बटलर, कोबी ब्रे, अँड्रू कार, अमारी विल्यम्स, जॅक्सन रॉबिन्सन असे पक्के, वयानं मोठे खेळाडू त्यांनी आणले. संघ शेवटच्या १६ पर्यंत पोचलाही. पण हे पाचही जण शेवटच्या वर्षाचे. पुढच्या एप्रिलमध्ये कागद पुन्हा बराचसा कोरा. उलट २०२५ चा विजेता फ्लोरिडा. त्याचे तीन मुख्य गार्ड पोर्टलमधूनच आलेले, पण विल रिचर्ड बेलमाँटहून येऊन तीन हंगाम राहिला, वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनाहून येऊन दोन, आणि फक्त अलाइजा मार्टिन एका वर्षाचा. अंतिम सामन्यात ह्यूस्टनला त्यांनी ६५-६३ असं हरवलं. पोर्टल वाईट नाही; दरवर्षी सगळाच संघ पोर्टलमधून भरावा लागणं वाईट.

हायस्कूलमधून थेट येणाऱ्या मुलांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे ताडणं सोपं आहे. भरतीच्या क्रमवारीत पाच तारे आणि देशातल्या पहिल्या दहा-पंधरांत नाव असेल तर पहिल्याच वर्षी २५-३० मिनिटं धरा. चार तारेवाल्याला ज्येष्ठ खेळाडूंच्या संघात आठ-दहा धरा. तीन तारेवाल्याला शून्य धरा आणि जास्त मिळाली तर आनंद माना. एकच सावधगिरी: रीक्लासिफाय, म्हणजे मुलगा एक वर्ष आधीच हायस्कूल संपवून येतो. कूपर फ्लॅग मूळचा २०२५ चा, तो २०२४ मध्येच ड्यूकला आला आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. पुढच्या वर्षीच्या यादीतलं नाव याच वर्षी येऊ शकतं.

परदेशी खेळाडूंकडे मात्र नीट बघा, त्यांची संख्या वाढते आहे. युरोपातले क्लब देतात त्यापेक्षा जास्त पैसे अमेरिकन कॉलेजांकडून मिळू लागल्यावर वीस वर्षांच्या आतले पण व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले खेळाडू येऊ लागले. रशियाचा येगोर ड्योमिन बीवाययूत (ब्रिगम यंग विद्यापीठात) एक वर्ष खेळून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आठवा गेला. लिथुआनियाचा कास्पारस याकुचोनिस इलिनॉयहून विसावा. अशा खेळाडूबाबत तीन गोष्टी अडतात: क्लबशी असलेला करार सोडवण्याची रक्कम, एनसीएएच्या पात्रता केंद्राची मंजुरी आणि व्हिसा. व्हिसाचं दुखणं आपल्याकडच्या पालकांना वेगळं समजवायला नको. हे खेळाडूही बहुतेक एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच असतात, म्हणजे कॅम्पसबाहेर काम करायला तेच निर्बंध, आणि जाहिरातीत पैसे घेऊन उभं राहणं हे काम धरलं जातं. कॅनडाचा ईडी पर्ड्यूत असताना याच अडचणीत होता. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये हे खेळाडू आपल्या देशाच्या वयोगट संघांकडून खेळत असतात, त्यामुळे कॅम्पसवर उशिरा पोचतात. नोव्हेंबरमध्ये ते चाचपडताना दिसले तर आश्चर्य मानू नका, जानेवारीत बघा.

पैशांचा हिशेब टाळून आता अंदाज बांधता येत नाही. तडजोडीनुसार २०२५-२६ मध्ये एका शाळेला सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटता येतात. फुटबॉल मोठा असलेल्या शाळांमध्ये त्यातला तीनचतुर्थांश फुटबॉलला आणि साधारण १५ टक्के पुरुष बास्केटबॉलला, हे प्रमाण सर्रास सांगितलं जातं. म्हणजे सुमारे ३० लाख. सेंट जॉन्ससारख्या, फुटबॉल संघच नसलेल्या शाळेला तिथे मोकळीक जास्त. बाहेरचे जाहिरातीचे करार याशिवाय, पण ६०० डॉलरवरच्या प्रत्येक कराराची नोंद करून त्याला मंजुरी घ्यावी लागते. तेव्हा एकाच आठवड्यात तीन महागड्या खेळाडूंची नावं एका संघाशी जोडली गेली तर त्यातली दोन तरी एजंटांनी भाव वाढवायला पेरलेली असतात, असं धरून चाला.

बातमीतले शब्द वाचायला शिका. 'संपर्क करू नये' अशा शेऱ्यासह पोर्टलमध्ये गेला, म्हणजे कुठे जायचं हे त्याचं बहुतेक ठरलेलं आहे. 'शाळेला भेट देणार' हे 'शाळेला रस आहे' यापेक्षा कितीतरी वजनदार, कारण अधिकृत भेटीचा खर्च शाळा करते. 'यादीतल्या शेवटच्या पाच शाळा' यात दोन-तीन सौजन्यापुरत्या असतात. शेवटची भेट कुठे आहे ते बघा. 'कमिट झाला' हा फक्त तोंडी शब्द आहे, दोन्हीकडून मोडता येतो. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ही जुनी बांधिलकी ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाली; आता सही होते ती आर्थिक साहाय्याच्या करारावर. आणि सही होईपर्यंत प्रशिक्षकाला त्या खेळाडूबद्दल जाहीर बोलायची मुभा नसते. तेव्हा प्रशिक्षक गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलं, हा तर्क चुकीचा. खरी पक्की बातमी म्हणजे शाळेनं स्वतः काढलेलं पत्रक.

पर्ड्यूपुरतं आणखी एक. पेंटर २००५ पासून तिथे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि त्यांची पद्धत फारशी बदलत नाही: हायस्कूलमधून मुलं घ्यायची, एखाद्याला रेडशर्ट करून वर्षभर घडवायचं, तीन-चार वर्षं ठेवायचं, आणि पोर्टलमधून नेमकं जे कमी आहे तेवढंच आणायचं. म्हणून पोर्टलमधल्या नामवंत स्कोअररचं नाव पर्ड्यूशी जोडलेलं दिसलं तर मी त्याला फार महत्त्व देत नाही. एखाद्या मधल्या दर्जाच्या कॉन्फरन्समधला, शेवटचं वर्ष उरलेला रीबाउंडर किंवा बचावपटू भेटीला येतोय असं वाचलं तर मात्र लगेच कागद काढावा.

कागदावर पहिली मांडणी अंतिम सामन्याच्या आठवड्यात करा, दुसरी पोर्टलची मुदत संपल्यावर, तिसरी ड्राफ्टमधून माघार घेण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी. जूनमध्ये उन्हाळी सराव सुरू होतो, तेव्हा कॅम्पसवर प्रत्यक्ष कोण पोचलं ते बघून चौथी. मुलगा तिथेच शिकतो, तर ही शेवटची तपासणी त्याच्याकडेच सोपवा.